लोकरीच्या दुकानासमोरचा थांबा

२ ऑक्टोबर

प्रिय दादा,

फोनवर मी ओरडायचं आणि तू नुसतं "बरं, बरं" म्हणायचं, असं किती दिवस चालणार? तुझ्या कानांनी संप पुकारल्यापासून आपलं खरं बोलणं पत्रातूनच होतं, म्हणून पत्रच लिहिते आहे. वाचून झालं की फाडून टाक.

ह्यांचा उजवा पाय चालताना भरून येतो, असं हे म्हणतात. "म्हणतात" हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे, कारण घरात त्या पायाला काहीही होत नाही. तुला माहीतच आहे, हे अजूनही पाट्या रंगवतात. परवा समोरच्या औषधाच्या दुकानाची पाटी करताना शिडीवर दोन तास उभे होते, मान मागे टाकून, कमरेत मागे वाकून. खाली उतरले ते शीळ घालत. पण घरापासून कामाच्या शेडपर्यंत जी वीस मिनिटांची वाट आहे, तिला आता ह्यांना अर्धा तास लागतो. विचारलं तर, "वाटेत जरा थांबतो गं." कशाला थांबता, तर, "पाय जरा भरून येतो." कुठे थांबता, तर चहा मागतात.

मी हट्टाने डॉक्टरकडे नेलं. कंबरेचं स्कॅन झालं. चौथ्या आणि पाचव्या मणक्यांच्या मधली वाट अरुंद झाली आहे म्हणे. सर्जनने बारा नोव्हेंबर ही ऑपरेशनची तारीख दिली आहे. त्याच्या टेबलावर पाठीच्या कण्याचा एक प्लास्टिकचा नमुना आहे आणि तो हातात घेतल्याशिवाय त्याला बोलताच येत नाही. अशा माणसाकडे पोटदुखी घेऊन गेलं तरी तो मणकाच दाखवेल, असं मला वाटून गेलं. हे मात्र लगेच "करून टाकू" म्हणाले. इतक्या सहजपणे हो म्हणणारा माणूस मी लग्नाच्या एकतीस वर्षांत पाहिलेला नाही.

तू चाळीस वर्षं मुलांना शरीररचना शिकवलीस. मला एवढंच सांग: घरात धडधाकट आणि रस्त्यावर लंगडा, असा पाय खरंच असतो का? की माणूस सोंग करत असतो?

तुझी,
धाकटी

७ ऑक्टोबर

प्रिय धाकटे,

तुझ्या प्रश्नाने मला इतका आनंद झाला, की सकाळचा चहा समोर निवून गेला तरी मी उठलो नाही. निवृत्त माणसाला कोणी इतका सुरेख प्रश्न विचारत नाही. आधी उत्तर देतो, मग कारण सांगतो. होय, असा पाय असतो. आणि असा पाय असणारे बहुतेक लोक सोंग करत नाहीत.

चालताना येणाऱ्या आणि थांबल्यावर जाणाऱ्या या दुखण्याची दोन घराणी आहेत. लक्षणं वरवर सारखी, उगम मात्र अगदी वेगळे.

पहिलं घराणं कण्याचं. मणक्यांच्या आतून मज्जातंतूंचा जुडगा खाली पायांकडे जातो. वयोमानाने ती वाट अरुंद होते. माणूस ताठ उभा राहिला किंवा मागे वाकला, की ती आणखी आवळते. पुढे वाकला किंवा बसला, की सैल होते. म्हणून असा रुग्ण हातगाडी ढकलत, तिच्यावर रेलून, मैलभर जातो आणि तिच्याशिवाय चार घरं गेला तरी कासावीस होतो. त्याला सायकल चालते. चढ चालतो, कारण चढताना आपण पुढे झुकतो; उतार छळतो. मुंग्या, बधिरपणा, जडपणा कुल्ल्यापासून खाली उतरतो, बहुधा दोन्ही पायांत. आज शंभर पावलांवर, उद्या चारशेंवर, काही नेम नाही. आणि नुसतं उभं राहून त्याचं भागत नाही. त्याला बसावंच लागतं.

दुसरं घराणं रक्ताचं. पायाला रक्त नेणारी रोहिणी आतून गंज धरलेल्या नळासारखी अरुंद होते. स्वस्थ असताना स्नायूला थोडं रक्त पुरतं, म्हणून घरात सगळं ठीक. चालू लागलं की स्नायू जास्त मागतो, पुरवठा तेवढाच राहतो, आणि पोटरी शिकंज्यात धरल्यासारखी आवळते. थांबलं, अगदी ताठ उभं राहूनही, की दोन-चार मिनिटांत हिशेब जुळतो आणि माणूस पुन्हा चालू लागतो. इथे चढ छळतो, उतार सोपा जातो. आणि सगळ्यांत मोठी खूण अशी, की हे दुखणं अंतराचं पक्कं असतं. तोच रस्ता, तीच चाल, तर रोज त्याच ठिकाणी येतं.

आता स्कॅनबद्दल. साठीच्या पुढच्या, काहीही न दुखणाऱ्या माणसांची चित्रं काढली तरी अनेकांत अरुंद वाट दिसते. चित्रात दिसलं म्हणजे तेच दुखतं आहे, असं नव्हे. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, असं होता कामा नये.

तेव्हा तू त्यांच्या नकळत आठ-दहा दिवस निरीक्षण कर. कळलं तर माणूस चाल बदलतो. किती पावलांवर थांबतात, जागा तीच की वेगळी, उभे राहतात की बसतात, आणि किती वेळाने निघतात, हे सगळं लिही. बसणं की उभं राहणं, अर्धं गुपित या एका प्रश्नात आहे. तू जन्मभर ग्रंथालयात नोंदी केल्यास. तुझ्याइतका विश्वासू साक्षीदार मला कुठे मिळणार?

तुझा,
दादा

२१ ऑक्टोबर

प्रिय दादा,

तू सांगितल्याप्रमाणे अकरा दिवस मागे मागे गेले. या वयात नवऱ्याचा पाठलाग करायचा म्हणजे शोभा आहे. एकदा शेजारीण भेटली आणि म्हणाली, "काय हो, कुठे निघालात घाईघाईने?" मी म्हटलं, "ह्यांचा चष्मा राहिला घरी." ती म्हणाली, "मग हाक मारा की, समोर तर दिसताहेत!" मी तिच्याकडे असं काही पाहिलं, की बिचारी आल्या वाटेने परत गेली.

नोंद अशी. थांबतात ते नेम नसल्यासारखे; कधी शंभरएक पावलांवर, कधी दोनशे, कधी तीनशेच्याही पुढे. जागाही वेगवेगळ्या. थांबले की बसतात. अगदी निवांत बसतात. पाच ते आठ मिनिटं. मग उठून चालू लागतात. दुखतो तो उजवा पाय, पोटरीत. येताना मी त्यांच्या मागे नसते, कारण मला आधी घरी पोहोचावं लागतं.

तुझ्या पहिल्या घराण्यात हे सगळं बसतं, नाही का? मला तरी तसंच वाटलं. आता तू हो म्हण, म्हणजे मी बारा तारखेची तयारी करते. मला हा विषय संपवायचा आहे, दादा. घरात दोन माणसं राहतात आणि दोघंही एकमेकांकडे न बघता जेवतात, हे फार दिवस चालू नये.

तुझी,
धाकटी

२५ ऑक्टोबर

प्रिय धाकटे,

तुझी नोंद तीनदा वाचली. अंतर अनिश्चित, जागा अनिश्चित आणि बसल्यावर आराम. शिवाय स्कॅनमध्ये अरुंद वाट. परीक्षेत असा प्रश्न आला असता तर मी "कण्याचं दुखणं" या उत्तराला पूर्ण गुण दिले असते.

एक गोष्ट तेवढी खटकते. एकच पाय, आणि त्यातही फक्त पोटरी. शिवाय तुझ्या पहिल्या पत्रातली ती शिडी: मागे वाकून दोन तास! अरुंद वाटेच्या माणसाला ते जमायला नको होतं. पण रुग्ण पाठ्यपुस्तक वाचून आजारी पडत नाहीत, असं मीच वर्गात सांगत असे. सर्जनचं म्हणणं आणि तुझी नोंद एकाच दिशेला बोट दाखवत असतील, तर दूर बसलेल्या बहिऱ्या मास्तराने आडवं येऊ नये.

करा ऑपरेशन. आणि घरातल्या अबोल्याचं कारण पाय आहे, असं मला वाटत नाही. पण ते तू लिहिलं नाहीस, म्हणून मी विचारत नाही.

तुझा,
दादा

२९ ऑक्टोबर

दादांना, तुमच्या पेंटर मेहुण्याचा नमस्कार.

एकतीस वर्षांत मी तुम्हाला लिहिलेलं हे पहिलंच पत्र. माझं अक्षर बघून दचकू नका. मला अक्षरं फूटभर उंचीचीच नीट काढता येतात.

मुद्द्याचं बोलतो. तुमची बहीण माझा पाठलाग करते आहे. आणि त्यामागे तुम्ही आहात. तुमचं सात तारखेचं पाकीट मी कपाटात पाहिलं. आतलं पत्र वाचलं नाही, तेवढा गृहस्थ मी आहे. पण पाकिटाच्या पाठीवर तिच्या अक्षरात "किती पावलं, कुठे, किती वेळ" असं लिहिलेलं होतं. माझ्यावर हे कसलं पहारेकरीपण? मी शिडीवरून पडेन म्हणून काम बंद करवायचं आहे? मग सरळ सांगा ना. ऑपरेशनलाही मी हो म्हटलं ते एवढ्यासाठीच, की कंबर दुरुस्त झाल्याचा कागद हातात आला तर मला कोणी शिडीवरून खाली ओढणार नाही. खरं सांगू? माझी कंबर आयुष्यात कधी दुखलेली नाही. सर्जनने विचारलं, "कंबर धरते का?" मी म्हटलं, "या वयात कोणाची धरत नाही?" त्याने तेच लिहून घेतलं.

तुम्हाला तिने काय कळवलं, देव जाणे. खरी गोष्ट ऐका. घरातून निघालो की चढ लागतो. चढावर एक लोकरीचं दुकान आहे, त्याची पाटी मीच केलेली. बरोबर त्या दुकानासमोर आलो की उजव्या पोटरीत कोणीतरी पकड घालून पिळल्यासारखं होतं. रोज तिथेच. चालवत नाही. रस्त्यात नुसतं उभं राहिलं तर लोक विचारतात, "काय झालं, काय झालं?" म्हणून मी पाटीकडे बघत उभा राहतो, जणू रंग उडालाय का ते तपासतोय. दोन-तीन मिनिटांत पाय मोकळा होतो. दुकानाची बाई भली आहे. रोज पाटी बघतो म्हणून तिला वाटलं पाटीत काही चूक आहे. एकदा बाहेर येऊन म्हणाली, "पेंटर, एवढं बघायचंच असेल तर बसून बघा," आणि स्टूल आणून ठेवलं. तेव्हापासून रोज स्टूल बाहेर असतं. बसलो नाही तर तिला कारण सांगावं लागेल. म्हणून बसतो. लोकरीचे भाव ऐकतो. मला आता लोकरीतलं पुष्कळ कळतं.

परतताना उतार असतो. तेव्हा मी एकदाही थांबत नाही.

दुकानाच्या काचेत तुमची बहीण मला रोज दिसते. खांबामागे उभी राहते आणि वहीत लिहिते. मी बघितलं असं मी तिला दाखवत नाही. पण सांगा, हे चाललंय काय?

आपला,
पेंटर

ता.क. तुम्ही विचारणार, म्हणून आधीच सांगतो: सिगारेट मी केव्हाच सोडली.

१ नोव्हेंबर

प्रिय मेहुणे,

तुमच्या पत्राबद्दल मी तुमचा जन्माचा ऋणी आहे, आणि हे औपचारिक वाक्य नाही. रागाच्या भरात तुम्ही असा इतिहास लिहिला आहे, की माझ्या हुशार विद्यार्थ्यांनाही रुग्णाकडून तो काढता आला नसता. तुमच्यावर ठेवलेल्या पाळतीचा उद्देश तुमचं काम बंद करणं हा नव्हता. तुमचा पाय कशाने दुखतो ते मला हवं होतं, आणि माणसाला कळू न देता त्याची चाल पाहावी, ही सूचना माझी होती. दोष द्यायचा तर मला द्या.

आता कृपा करून नीट वाचा. नेमकं अंतर, चढावर त्रास, उतारावर सुटका, एकाच पोटरीत पकड, आणि बसण्याआधी उभ्यानेच येणारा आराम. यातली प्रत्येक गोष्ट कण्याकडे पाठ फिरवून रक्तवाहिनीकडे बोट दाखवते. तुम्ही स्टुलावर बसता ते दुखणं मागतं म्हणून नव्हे, शिष्टाचार मागतो म्हणून. एका भल्या बाईच्या स्टुलाने माझा संपूर्ण निष्कर्ष उलटा केला! तुम्हाला मौज वाटेल, काही देशांत या दुखण्याला दुकानांच्या काचा पाहणाऱ्यांचा आजार असंच म्हणतात. जगभरचे लाजाळू लोक पोटरी धरून उभे असतात आणि काचेतल्या मालाकडे पाहत असल्याचा आव आणतात.

आज तीन गोष्टी करा. स्टूल नको म्हणा आणि उभ्यानेच किती वेळात मोकळं वाटतं ते घड्याळात पाहा. घरी पाठीवर झोपून दोन्ही पाय भिंतीला टेकवून वर धरा आणि मिनिटभराने तळवे कोणाला तरी दाखवा. एक फिका पडतो का? मग दोन्ही पायांच्या वरच्या बाजूला, अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या रेषेत घोट्याकडे जाताना, बोटांची टोकं हलकेच ठेवून ठोका शोधा. काही चांगल्या माणसांतही तो सापडत नाही, म्हणून घाबरू नका. पण डावीकडे असेल आणि उजवीकडे नसेल, तर ते मला कळलंच पाहिजे.

आणि बारा तारखेच्या आत सर्जनला भेटा. त्याला जे मला लिहिलंत ते सगळं सांगा, कंबर कधीच दुखली नाही हेसुद्धा. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांची तुलना करायला सांगा. सुज्ञ सर्जन रागावणार नाही. कंबर उघडून पोटरीत रक्त जात नाही, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. पाय स्वस्थ बसल्यावरही दुखू लागला, किंवा बोटावर जखम, काळेपणा दिसला, तर एक दिवसही थांबू नका.

शेवटचं. तुमच्या पत्राच्या डाव्या कोपऱ्यावर, ताज्या कलमाच्या अगदी शेजारी, कडा तपकिरी असलेलं एक बारीक गोल भोक आहे. ते वाळवीने केलेलं नाही. "केव्हाच" म्हणजे नेमकं केव्हा?

आपला,
दादा

१ नोव्हेंबर

धाकटे,

मेहुण्यांचं पत्र आलं. ते म्हणतात, रोज त्याच जागी थांबतात. तू लिहितेस, नेम नाही. दोघांपैकी एक नोंद खोटी आहे. त्यांच्या पत्रात रस्त्याचा चढ आहे, पाटी आहे, दुकान आहे, काच आहे. तुझ्या नोंदीत एकाही जागेचं नाव नाही. ग्रंथालयात तू कपाटाचा क्रमांक नसलेली नोंद कधी केली होतीस का?

माझ्या शब्दावर अकरा दिवसांत एका माणसाची पाठ उघडली जाणार आहे. खरं ते लिही.

दादा

५ नोव्हेंबर

दादा,

मूळ वहीचं पान सोबत पाठवते आहे. दोनशे आठ, दोनशे बारा, दोनशे दहा, दोनशे नऊ. अकराच्या अकरा दिवस तेच. तेच दुकान आणि तीच बाई.

मी पहिल्या दिवशी पाहिलं की हे तिच्या दारासमोर थबकले, वर पाटीकडे पाहत राहिले, आणि तिने हसत हसत स्टूल पुढे सरकवलं. तीच गोष्ट दुसऱ्या दिवशी. तिसऱ्या दिवशी स्टूल आधीच बाहेर होतं. वाट बघत ठेवल्यासारखं. त्यानंतर मी पाय बघायचा सोडला, दादा. मी तिचं हसणं मोजू लागले. माणसाचा पाय बरोबर एका बाईच्या दारातच कसा भरून येतो? तू म्हणशील, विचारायचंस. विचारल्यावर खोटं ऐकावं लागलं असतं, आणि ते ऐकल्यावर घरात राहता आलं नसतं.

आणि तुला कसं लिहायचं? एकतीस वर्षांपूर्वी तू आईसमोर काय म्हणाला होतास ते तू विसरला असशील, मी नाही. "रंगाऱ्याच्या घरात देताय, उद्या रडत आली तर मला सांगू नका." मी त्या दिवशी ठरवलं होतं की तुला सांगायची वेळ येऊ द्यायची नाही. म्हणून पावलं बदलली. जागा बदलल्या. पायाचं नाव पुढे केलं आणि दुकान झाकलं. मला वाटलं, पाय कंबरेचा निघो की कशाचा, त्याने काय फरक पडतो? तू लिहिलंस की अर्धं गुपित बसण्यात आहे. ते मी खरं लिहिलं. उरलेलं अर्धं मीच दाबून टाकलं.

परवा हे भिंतीला पाय लावून झोपले आणि म्हणाले, "तुझ्या भावाचा हुकूम आहे, तळवे बघ." मी बघितले. उजवा तळवा मेणासारखा पांढरा होता. डावा गुलाबी. खाली सोडल्यावर उजवा हळूहळू लालभडक झाला. मला काय वाटलं ते लिहीत नाही. दोन्ही पायांवर बोटं ठेवून ठोका शोधला. डावा लागला. उजवा नाही, आणि माझी बोटं तिथून उचलवेनात.

सोमवारी सर्जनकडे चाललोय. मी त्यांना अजून काहीच सांगितलेलं नाही. त्यांना वाटतं, पायाच्या काळजीने मी मागे जात होते. काल शेजारणीला कौतुकाने सांगत होते, "आमच्या घरात डिटेक्टिव्ह आहे." ते ऐकणं शिक्षेहून वाईट आहे.

धाकटी

८ नोव्हेंबर

प्रिय धाकटे,

पान मिळालं. इतकी सुंदर, एकसारखी आकडेवारी मी क्वचितच पाहिली असेल, आणि ती अठरा दिवस तुझ्या वहीत कोंडून पडली होती.

पण या चुकीत माझाही वाटा आहे, आणि तो मला स्वच्छ मांडू दे. पोटरी खटकत होती, शिडी खटकत होती. दोन्ही गोष्टी मी लिहून काढल्या आणि बाजूला सारल्या, कारण उत्तर तयार होतं आणि ते मला आवडलं होतं. "बसतात" या शब्दावर मी झडप घातली. का बसतात, हे विचारलं नाही. खरं तर बसण्याआधी उभ्याने काय होतं, हा प्रश्न मी विचारायला हवा होता.

आईसमोरचं ते वाक्य मी विसरलो नाही. चुकीचं होतं, हे मला दहा वर्षांतच कळलं होतं. तुला कळवायला एकवीस वर्षं जास्त लागली. त्याबद्दल मला क्षमा कर. तू रडत आली असतीस, तर मी दार उघडून उभा असतो.

त्यांना सांगायचं की नाही, हा शरीररचनेचा प्रश्न नाही. तिथे माझा उपयोग नाही.

दादा

१६ नोव्हेंबर

प्रिय दादा,

सर्जनसमोर हे बोलायला लागले आणि त्याने प्लास्टिकचा मणका खाली ठेवला. मग उठून खाली बसला, ह्यांचा मोजा काढला आणि पायावर बोटं ठेवली. डाव्यावरही ठेवून पाहिली. मग म्हणाला, "मला चित्र दाखवलं गेलं, पोटरीचं कोणी सांगितलं नाही. आणि मीही पायाला हात लावला नव्हता." मला त्याच्याबद्दल जे वाटत होतं ते मी मनातल्या मनात परत घेतलं. दंडाचा दाब दीडशे आणि उजव्या घोट्याचा ब्याण्णव. डावा घोटा दीडशेच. बारा तारीख रद्द झाली. रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांनी मांडीतली रोहिणी अरुंद असल्याचं सांगितलं. सध्या चिरफाड नाही. गोळ्या, सिगारेट कायमची बंद, आणि रोज चालणं. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, मोकळं झालं की पुन्हा चालायचं. असं रोज करत गेलं की पाय जास्त लांबचा पल्ला गाठायला शिकतो म्हणे. सिगारेटचं पाकीट त्यांनी त्याच डॉक्टरांच्या टोपलीत टाकलं. शेडमधल्या रंगांच्या डब्यांमागे आणखी दोन होती; ती मी टाकली.

त्या संध्याकाळी मी त्यांना सांगितलं. सगळं. मी काळजीने मागे जात नव्हते, संशयाने जात होते. ती बाई, स्टूल, तिचं हसणं. पावलं बदलून तुला पाठवली, हेही. आणि त्यामुळे काय झालं असतं, हेही.

हे बराच वेळ ब्रश धूत राहिले. धुतलेलाच ब्रश पुन्हा धुतला. मग म्हणाले, "अकरा दिवस मागे होतीस. एकदाही वाटलं नाही, पुढे येऊन विचारावं?"

मी म्हटलं, "आणि तुम्हाला काचेत दिसत होते मी. एकदाही वाटलं नाही, मागे वळून सांगावं?"

दोन दिवस घरात कोणी जास्त बोललं नाही, पण हा अबोला आधीच्या जातीचा नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी हे बूट घालून दारात उभे राहिले आणि म्हणाले, "चल, येतेस?"

चढ चढू लागलो. मी त्यांच्या डाव्या बाजूला होते. दुकान आलं, ती बाई दारात होती. आम्हा दोघांना बघून म्हणाली, "अगबाई, आज जोडीनं!" आणि दुसरं स्टूल आणायला आत वळली. हे म्हणाले, "नको हो, बसत नाही." ती थबकली, माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा मी इतक्या जवळून प्रथमच पाहत होते. दमलेला, साधा चेहरा होता. मला तिच्यासमोर माझीच लाज वाटली.

ह्यांनी कठड्याला हात लावला. पाटीकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं, ओठ दाबून, आणि मग भर रस्त्यात, त्या बाईसमोर, मोठ्याने म्हणाले, "दुखतंय गं. खूप दुखतंय."

तुझी,
धाकटी